सेंट बासिल दोन, सेंट ऑनर एक

सेंट बासिल,
सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४

प्रिय लेनॉक्स,

सप्रेम नमस्कार. तू खुशाल असशील. लेस्टरमध्ये थंडी सुरू झाली असेल, गुडघे सांभाळ. तुझ्या लेकीला, कॅमिलला, आणि तिच्या मुलांना आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. बकऱ्या ठीक, इल्मा ठीक, टाकीत पाणी आहे.

अक्षर इल्माचं आहे हे तू ओळखलं असशीलच. माझं बोट नावेच्या दोरात सापडून चेचलंय, म्हणून मी सांगतोय आणि ती लिहितेय. तीन वर्षांत मी तुला एक ओळ पाठवली नाही, तूही नाही. त्याचं मागाहून बघू. आधी बातमी.

आपण जिंकलो, लेनॉक्स!

जिंकलो! बरोबरी नाही, थोडक्यात हुकलं नाही, समोरचा संघ आलाच नाही असंही नाही. सेंट बासिल दोन, सेंट ऑनर एक. इल्मा म्हणते, एकदा लिहिलं की पुरे. मी म्हणतो, पुन्हा लिही. सेंट बासिल दोन, सेंट ऑनर एक!

कॅमिलने तुला फोनवर निकाल दाखवला असेल, पण तिथे नुसते आकडे असतात. आणि आकडे काय, आपले आकडे तुला माझ्याइतकेच पाठ आहेत. पहिल्या सामन्याला आपण पोरांबरोबर मासेमारीच्या नावेतून गेलो होतो. अंगात अग्निशमन दलाचे उसने शर्ट, आणि निम्मा संघ ओकत ओकत धक्क्यावर उतरला. नऊ-शून्य हरलो. मग पाच, मग अकरा. आपला पहिलावहिला गोल तर त्यांच्याच बचावपटूने चुकून स्वतःच्या जाळ्यात मारला. तू रेडिओच्या माइकवर म्हणालास, "गोल कुणाच्या का पायाने होईना, उद्या शाळेला सुट्टी पाहिजे!" आणि सरकारने खरंच दिली. वादळाने स्टँडचं छप्पर नेलं त्या वर्षी एका छत्रीखाली बसून आपण सामना सांगितला. बॉल मिठाच्या तळ्यात गेला की जाहिराती लावायच्या, कारण तो काढायला वेळ लागायचा. एकतीस वर्षं, लेका! आणि परवा शनिवारी ते झालं, तेव्हा तू नव्हतास.

तुझ्यानंतर तुझ्या खुर्चीवर शाळेचा खेळाचा मास्तर बसतो, फाही. चांगला माणूस आहे. बॉल कुणाकडे आहे ते तो सांगतो, मी जुन्या गोष्टी सांगतो, असं आमचं चाललेलं असतं. पण शुक्रवारी होड्यांच्या शर्यतीत तो भावाच्या नावेसाठी इतका ओरडला की शनिवारी सकाळी दारात येऊन उभा राहिला आणि तोंडातून नुसती हवा. हातवारे करून सांगत होता. इल्माने त्याला आल्याचा काढा दिला, मध दिला, काही उपयोग झाला नाही.

म्हणजे सामना मी एकट्याने सांगायचा. मी म्हटलं, जमेल. पण दुपारचं ऊन डोळ्यांवर येतं, म्हणून इल्माला म्हटलं, तू नुसती शेजारी बस.

आता तू हसशील. इल्मा आणि फुटबॉल! आमच्या लग्नापासून आजवर तिने एक सामना धड पाहिलेला नाही. तिचा प्रश्न एकच, "बावीस बाप्ये एका बॉलमागे धावतात, प्रत्येकाला एकेक घेऊन देत का नाहीत?" पण आली. चर्चला जाताना घालते ती टोपी घालून, तळलेल्या गरम जॉनीकेकचा डबा घेऊन ती शिडी चढून वर आली आणि आपल्या माइकजवळ पत्र्याखाली बसली. बाकं भरलेली, भिंतीवर माणसं, पलीकडे आंब्याच्या झाडावर माणसं. शंख तर असे वाजत होते की जणू सगळी मासेमार गल्ली उठून आली होती.

सामना सुरू झाला. इल्मा माझ्या कानाशी, "बॉल ल्युसिंडाच्या थोरल्याकडे आहे."

मी म्हटलं, "नंबर सांग, नंबर!"

"नंबर मला काय ठाऊक? ल्युसिंडाचा थोरला. त्याच्या बारशाला तू नव्हतास का?"

आता रेडिओवर मध्येच गप्प राहता येत नाही, तुला माहीत आहे. मी सरळ माइकमध्ये बोललो, "बॉल ल्युसिंडाच्या थोरल्याकडे!" मग ती म्हणाली, "त्याने तो पाववाल्याच्या पुतण्याला दिला. हाच तो, गेल्या रविवारी प्रवचनात घोरत होता." मी तेही बोलून गेलो. खाली बाकांवर रेडिओ लावून बसलेली माणसं खदाखदा हसायला लागली. आणि तो पुतण्या म्हणे मैदानातून वर बघून हात जोडत होता!

सोळाव्या मिनिटाला त्यांनी गोल केला. इल्मा म्हणाली, "अगं बाई, हे काय झालं? पण तो झेंडेवाला का धावतोय, त्याला कुणी बोलावलं?" मी म्हटलं, तो लाइन्समन आहे. ती म्हणाली, "मग त्याने आधी सांगायचं की नाही, की ते येतायत म्हणून!" हेसुद्धा रेडिओवर गेलं. मध्यंतराला आपण शून्य-एक.

(लेनॉक्स, मी इल्मा. हा पाणी प्यायला थांबलाय म्हणून माझ्या दोन ओळी. त्या पत्र्याखाली ऊन पाठीमागून येतं, तुला माहीतच आहे. आणि त्याचं बोट ठणठणीत आहे. खोटं मी एका पानापुरतं लिहिलं, आता लिहिणार नाही. त्यालाही तसं सांगितलंय.)

बरं. तिने काय लिहिलं ते तिने मला वाचून दाखवलं. पेनही खाली ठेवलंय आणि म्हणते, खरं बोलशील तर उचलेन.

मला दिसत नाही, लेनॉक्स.

एकदम नाही गेलं. आधी कडा गेल्या. वाटायचं, धुकं आहे, मीठ उडतंय, चष्मा जुना झालाय. मग पलीकडच्या मोठ्या बेटावर डॉक्टरला दाखवलं. तो म्हणाला, आतली नस सुकत चाललीय, गेलं ते परत येणार नाही, उरलेलं किती दिवस पुरेल सांगता येत नाही. आता उजेड कळतो, हिरवं कळतं, माणूस समोर आला तर अंधूक काहीतरी हलतं. बॉल तर दोन वर्षांत पाहिला नाही मी. फाही बोलायचा, मी गर्दीच्या आवाजावरून बोलायचो. प्रेक्षक कुठल्या बाजूला "आSS" करतात त्यावरून बॉल कुठे आहे ते कळतं. बुटाच्या आवाजावरून लाथ कशी बसली ते कळतं. इल्माखेरीज कुणाला सांगितलं नव्हतं. माइक काढून घेतील, ही भीती. दुसरं काय येतं मला?

हे लिहून झालं. आता उत्तरार्धाकडे चल, कारण खरी मजा तिथे आहे.

वारा फिरला होता. समुद्राकडून जोरात यायला लागला, आपल्या पाठीमागून. इल्माचाही आवाज फिरला. आधी कानात कुजबुजत होती, आता माझं मनगट धरून ओढत होती. "ल्युसिंडाचा थोरला पळतोय! अरे, एकाला टाकलं मागे! दुसऱ्याला! पडला! नाही पडला! मार ना रे, कशाची वाट बघतोस!" मी तिचे शब्द जसेच्या तसे पुढे ढकलत होतो, मास्तरामागे मुलं कविता म्हणतात तसे. "मारला! लागला! आत!" एक-एक! आंब्याच्या झाडावरून दोघं खाली पडले. लागलं नाही कुणाला.

मग जे सुरू झालं ते मी ऐकलंय, ते मला जन्मभर पुरेल. सेंट ऑनरवाले तुटून पडले. त्यांचा एक फटका खांबाला लागला, तो खणखणीत आवाज माझ्या दातांत गेला. आपला गोलकीपर, तो कस्टममधला, म्हणे आडवा, उभा, तिरका होऊन अडवत होता. इल्मा त्याच्यावर खूश. "या माणसाने माझी पेटी उघडून सगळे कपडे विस्कटले होते, पण आज त्याला सगळं माफ!" हेही रेडिओवर!

शेवटची मिनिटं. आपल्याला कॉर्नर मिळाला. इल्मा म्हणाली, "मेर्लचा पोरगाही पुढे चाललाय. एवढा धिप्पाड, त्याला कशाला पाठवतात?"

मेर्लचा पोरगा म्हणजे क्लेव्हन. बंबाचा ड्रायव्हर. आपण चौदा-शून्य हरलो त्या दिवशी मैदानात बसून रडला होता, तोच. आता तो संघात सगळ्यांत वयस्कर आहे, पोरं त्याला आजोबा म्हणतात.

कॉर्नर मारला. शंख एकदम थांबले. मी वाट बघतोय इल्माच्या शब्दाची, आणि इल्मा गप्प. मी तिचा हात हलवतोय, "अगं, काय झालं, बोल!" आणि तिने माझ्या हातातला माइक हिसकावून घेतला.

"गेला! आत गेला! डोक्याने घातला! मेर्लच्या पोराने घातला! मेर्ल, ए मेर्ल, ऐकतेस ना गं? तुझ्या पोराने घातला! उठून बस, मेर्ल!"

मेर्ल पावसाळ्यापासून अंथरुणाला खिळलीय, उशाशी रेडिओ असतो तिच्या. तिची सून सांगत होती, ती खरंच उठून बसली. आणि सूप मागितलं.

आपल्या पहिल्या विजयासाठी मी एक वाक्य जपून ठेवलं होतं, तुला आठवत असेल, तू त्यावरून मला किती छळायचास. आरशासमोर म्हणून बघितलेलं वाक्य. ते मी बोललोच नाही. बोलायला माइक कुठे होता? तो इल्माकडे, आणि ती टोपी हवेत उडवून ओरडत होती. शिट्टी झाली तेव्हा मी टेबलावर डोकं ठेवून रडत होतो आणि सगळ्या बेटाने ते ऐकलं म्हणे.

खाली उतरलो. लोक गळ्यात पडत होते. कुणाचे हात ओले, कुणाला माशाचा वास, कुणाला रमचा. रेडिओ स्टेशन चालवणारी विव्हियन क्वाशी आली. मी ठरवलं, आज सांगून टाकायचं. म्हटलं, "विव्हियन, एक सांगायचंय. मला दिसत नाही."

ती म्हणाली, "ठाऊक आहे."

"कुणाला?"

"सगळ्यांना. गेल्या वर्षी तू पूर्वेला सूर्य मावळताना सांगितलास, ऑसी. तोही पाऊस पडत असताना."

"मग मला काढलं का नाही?"

"तू सांगायचास तो सामना खऱ्यापेक्षा बरा असायचा. खऱ्यात आपण हरायचो."

म्हणजे साऱ्या बेटाला माहीत होतं. माहीत नव्हतं ते एका तुला.

आता मागाहूनचं. चौदा-शून्यच्या दिवशी दहाव्या गोलनंतर तू कानावरचा हेडफोन काढलास, म्हणालास, "ऑसी, मला हे आता बघवत नाही," आणि शिडी उतरून गेलास. उरलेले चार मी एकट्याने सांगितले. लोकांनी तुला दुकानात टोमणे मारले, पळपुटा म्हणाले, आणि तू कॅमिलकडे निघून गेलास. लोकांना वाटलं, मीही त्याच कारणाने रुसलो. तसं नव्हतं. मी डॉक्टरकडून त्याच आठवड्यात आलो होतो. ज्याला दिसतंय तो म्हणतो बघवत नाही, आणि उठून जातो. मला तुझा असा संताप आला, लेनॉक्स, की तुला धक्क्यावर पोहोचवायलाही मी आलो नाही. तुला ठाऊक नव्हतं, कारण मी सांगितलं नव्हतं. पण रागाला हे कोण समजावणार? परवा क्लेव्हनने डोकं लावलं आणि तो राग कुठे गेला कळलं नाही. सगळ्यांत आधी मनात आलं ते हेच, की हे लेनॉक्सला कोण सांगणार.

मार्चमध्ये घरच्याच मैदानावर सामना आहे. मी वर बसणार नाही, विव्हियनला तसं सांगितलं. इल्मा बसणार. हो, इल्मा! लोक रस्त्यात थांबवून तिला विचारतायत. तिला माणसं कळतात, खेळ कळत नाही. शेजारी खेळ कळणारा पाहिजे. फाहीचा घसा उघडलाय, तो बसेलही. पण फाही मला बॉल कुठे आहे तेवढंच सांगतो. पोराचे खांदे पडले की तो आता चुकणार, दमलेला माणूस शिट्टीकडे कान लावून पळतो, हे तू सांगायचास. मी तुझ्या शेजारी बसून, धड डोळ्यांनी, ते तुझ्याकडून बघायचो.

तेव्हा ये. वर इल्माजवळ बस. मी खाली बाकावर असेन, माणसांत, कानाला रेडिओ लावून. हरलो तर हरलो, पण या वेळी शेवटच्या शिट्टीपर्यंत सांग. आणि नाही आलास, तर तुझ्यावर रुसायला माझ्याकडे आता काही उरलेलं नाही, हेही लिहून ठेवतो.

इल्माने कागदावर बोट टेकवून जागा दाखवलीय. सही माझी मीच करतोय.

तुझा श्रोता,
ऑस्बर्ट