एक स्क्रू कमी

प्रिय भावोजी,

वहिनीचे भरभरून आशीर्वाद. माझ्या धाकट्या जावेचा खोकला गेला का? तुमची पाठ काय म्हणते? इकडे आम्ही दोघं बरे आहोत. माझा गुडघा कुरकुरतो आणि तुमचे दादा कुरकुरतसुद्धा नाहीत, एवढाच फरक. (फोन न करता पत्र लिहिते आहे, कारण घरात फोन वाजला की तो आधी त्यांच्या हाती जातो.)

तुम्ही लॅपटॉपसाठी पाठवलेली मेमरी पोचली. एवढ्या थोरल्या खोक्यातून बिस्किटाएवढी पट्टी निघाल्यावर मला वाटलं, उरलेली मागून येणार असेल. तुमच्या दादांनी (निवृत्त झाले तरी जुन्या ऑफिससाठी घरांचे नकाशे काढायचं सुटलेलं नाही, हे तुम्ही जाणताच) लॅपटॉप उघडण्याआधी त्याच्या तळाचाच नकाशा काढला, मापांसकट, प्रत्येक स्क्रूला नंबर देऊन. मग स्वयंपाकघरातल्या टेबलावरून मला आणि ताटवाट्यांना हद्दपार करून शस्त्रक्रिया सुरू झाली. आत इतकी धूळ निघाली की माझ्या घरात एवढी धूळ असते या विचारानं मी दिवसभर खट्टू होते. नवी पट्टी ठेवली, बटण दाबलं. लॅपटॉपनं पिपाणी वाजवली आणि डोळे मिटले. पडदा काळा, तुमच्या दादांचा चेहराही काळा. दोष आधी पट्टीचा होता, मग पाठवणाऱ्याचा (मी तुमची बाजू घेतली), शेवटी मी जवळ उभी राहते याचा. खरं म्हणजे ते पट्टी पुरेशी दाबतच नव्हते. कशावरही जोर करायचा नसतो, हे त्यांचं तत्त्व. लॅपटॉप पुन्हा उघडून ते चष्मा पुसायला उठले, तेवढ्यात मी अंगठ्यानं पट्टी दाबली. टक् झालं. लॅपटॉप सुरू झाला, आणि तो चष्मा पुसल्यामुळे सुरू झाला अशी त्यांची समजूत आहे. फक्त झाकण लावताना सात नंबरचा स्क्रू मिळेना. तो नकाशात आहे, घरात नाही.

आता कुठलंही ड्रॉइंग झटक्यात उघडतं, आणि भावोजी, तिथेच घात झाला. पूर्वी ड्रॉइंग उघडायला लावलं की 'त्याला जरा दम खाऊ दे' म्हणत ते ओट्याशी यायचे. मटार सोलू लागायचे आणि बोलायचे. एरवी महिन्यात बोलतात तेवढं एका ड्रॉइंगमागे. लहानपणी पाटी त्यांनी फोडली आणि मार तुम्ही खाल्लात, हे मला त्या मटारांपाशीच कळलं. (मी कळवलं असं म्हणू नका.) आता ते दिवसभर आतल्या खोलीत. काम दुप्पट होतं, त्याचं कौतुक आहे. पण मटार मी एकटी सोलते आणि मला करमत नाही, हे स्पष्टच लिहिते.

धाकटीला जपा. तिच्याशी बोलत जा.

तुमची,
वहिनी

ता. क. जुनी पट्टी परत बसवावी असंही मनात आलं होतं. पण काम वेळेवर होतं म्हणून ते इतके खुशीत आहेत की बघून मलाच बरं वाटलं, आणि तो विचार सोडला.

आणखी एक ता. क. (पत्र टाकायचं राहिलं, म्हणून आठवड्यानं ही भर घालते आहे.) तसाच दुसरा स्क्रू तुम्ही शोधून पाठवणार आहात असं कानावर आलं. कृपा करून पाठवू नका. वरचं लिहिलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी हरवलेला स्क्रू केर काढताना मला सापडला होता. द्यायलाच निघाले होते, तर तुमचे दादा काम सोडून स्वयंपाकघरात आलेले, एकेक डबा उचलून खाली बघत होते आणि बघता बघता बोलत होते. आता रोज येतात. काल सांगितलं, मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा काय बोलायचं ठरवून आले होते आणि कसं राहून गेलं. स्क्रू माझ्या सुईदोऱ्याच्या डब्यात सुखरूप आहे. तो डबा ते उघडणार नाहीत. त्याचं झाकण फार घट्ट आहे, आणि जोर करायचा नसतो, हे त्यांचं तत्त्व.