हातावरचं दही

ॲन आर्बर, मार्च २००६

प्रिय इशू,

हे फोनवर बोलता येणार नाही. तुझ्यामागे मुलींचा गलका असतो, इकडे तुझा बाबा दुसऱ्या फोनला कान लावून बसलेला असतो, आणि दोन वाक्यं झाली की तू ‘आजी, लव्ह यू, गॉट टू गो’ म्हणून ठेवून देतेस. म्हणून लिहिते आहे, आणि मराठीत लिहिते आहे. तुझ्या त्या मिसिसिपीतल्या कॅम्पात हे कुणाला वाचता येणार नाही. तुला येईल, कारण मीच तुला शिकवलं. जिथे अडेल तिथे मोठ्याने वाच, कानाला कळेल. पण शेवटपर्यंत वाच. मधेच घडी घालून खिशात टाकू नकोस.

आधी इकडचं सांगते. बर्फ अजून आहे, पण कडेकडेने काळा पडलाय. आजोबांचं फावडं गराजमध्ये त्यांनी टेकवलं होतं तसंच आहे. तुझ्या बाबाने बर्फ उडवायचं मशीन आणलं तरी मी ते हलवू दिलं नाही. आजोबांना जाऊन दोन हिवाळे झाले. तरी सकाळी बाहेर खरवडल्याचा आवाज आला की मी चहाचं आधण दोघांचं ठेवते. मग खिडकीतून बघते, तर शेजारचा असतो. तो चहा मीच पिते, टाकवत नाही.

तुझी आई सारखी इस्त्री करत बसते. परवा कपडे संपले तर तिने टॉवेलांना इस्त्री केली. गेल्या रविवारी पाडव्याच्या कार्यक्रमासाठी मंडळाची मीटिंग होती, तिथे सुवर्णाकाकू सगळ्यांसमोर म्हणाली, “पद्मजा, मुलीला मिलिटरीत कसं गं पाठवलंस? आमच्या अनीशला तर शिकागोसुद्धा लांब वाटतं.” तुझी आई म्हणाली, “हो ना, आणि रस्ता क्रॉस करताना हल्ली कोण हात धरतं त्याचा?” सगळे हसले, सुवर्णासुद्धा. घरी निघालो तेव्हा तुझ्या आईला गाडी सुरू करता येईना. किल्ली लागेना. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि आम्ही तशाच बसून राहिलो, काचेवर वाफ धरेपर्यंत.

तुझा तो मोठा कागद आठवतो का? तू दहा वर्षांची होतीस. आम्ही दोघं नुकतेच नागपूरहून कायमचे आलो होतो. शाळेतून तुला काम दिलं होतं: अमेरिकेने इंग्रजांशी लढाई केली त्याची कारणं आणि परिणाम. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तू पालथी पडून लाल खडूने कारणं लिहीत होतीस. चहावरचा कर. आपला माणूस नसलेलं सरकार. आणि लोकांच्या घरात शिरणारे सैनिक. हे शेवटचं तू मला मराठीत करून सांगितलंस, “आजी, सोल्जर्स न विचारता घरात यायचे, झोपायचे, सगळं बघायचे.” मी म्हटलं, आमच्याकडेपण. तू म्हणालीस, “रिअली? सेम इंग्लिश लोक?” मी म्हटलं, तेच. तू खूश झालीस. एकाच शत्रूवरून तुझं-माझं नातं जुळलं.

माझं शिक्षण चौथीचं. पुढचं सगळं वाण्याच्या पुड्यांच्या कागदावर झालं, आणि नंतर आजोबा कचेरीतून रद्दी आणायचे त्यावर. इंग्रजी मात्र तुझ्या त्या कागदावरून सुरू झालं. नंतर मी इथल्या लायब्ररीत जाऊन त्या लढाईवरची मुलांची पुस्तकं वाचली, मग मोठ्यांची. अर्धं कळायचं, अर्धं ताडायचं. त्यातली माणसं मला ओळखीची वाटायची. रात्री जमणारे शेतकरी, घराघरातून दडवलेली बंदूक, गावात कोण कुणाचा ते न कळणं. निळ्या खडूने तू परिणाम लिहिलेस, ‘नवा देश’ आणि ‘स्वातंत्र्य’. खाली पुष्कळ जागा उरली म्हणून तिथे तू झेंडा काढलास. मला तेव्हाच वाटलं होतं की त्या जागेत काहीतरी लिहायचं राहिलंय. पण झेंडा छान आला होता.

तू भरती का झालीस ते मला माहीत आहे. तुझ्या बाबाला कळलं नाही, तो अजून म्हणतो कॉलेजसाठी. ते टॉवर पडले त्या आठवड्यात बसमध्ये कुणीतरी तुला म्हणालं होतं, जा तुझ्या देशात. सोळा वर्षांची होतीस. घरी येऊन बूटसुद्धा न काढता म्हणालीस, “दिस इज माय कंट्री, आजी. दाखवते त्यांना.” मी तुला जवळ घेतलं. मला वाटलं, रागाचं वय आहे, निवळेल.

मग या वेळी सुटीवर आलीस, आणि जेवताना सांगितलंस की इराकमध्ये तुझं काम काय असणार. सैनिक घरांची झडती घेतात. तिथल्या बायकांना परक्या पुरुषाने हात लावलेला चालत नाही, म्हणून तुम्हा मुलींना आत न्यायचं, बायकामुलांना एका बाजूला घ्यायचं, त्यांना तपासायचं. “इट्स रिस्पेक्टफुल, आजी,” म्हणालीस, “आणि वुई आर हेल्पिंग देम.” माझ्या हातात पोळी होती. ती मी ताटात परत ठेवली. तुला वाटलं मला भूक नाही.

आता दह्याचं. तू निघायच्या सकाळी मी दह्याचं अख्खं भांडं सिंकमध्ये ओतलं. नळ सोडून धुऊन टाकलं. आपल्याकडे लांब जाणाऱ्याच्या हातावर दही ठेवतात, ते चाटून माणूस निघतो. माझी माय बाबांना द्यायची. मी तुझ्या आजोबांना द्यायचे, तुला परीक्षेला द्यायचे. मला वाटलं, दही दिलं नाही तर जाणं पुरं होणार नाही. वेडेपणा आहे, मला कळतो. दुसरं काही माझ्या हातात नव्हतं. तुझ्या बाबाला ‘तिला अडव’ म्हणून झालं होतं, तुझ्या पाया पडायची तयारी होती, पण तू सही केलेली आणि मागे फिरलीस तर तुरुंग. मग तू तो हिरवा ठिपक्यांचा गणवेश घालून फ्रीज उघडलास. “आजी, दही?” मी म्हटलं, संपलं. तू माझ्याकडे बघितलंस. मग आतून तो ब्लूबेरीच्या दह्याचा प्लॅस्टिकचा कप काढलास, चमचाभर स्वतःच्या तळव्यावर घेतलंस, चाटलंस, आणि जांभळ्या जिभेने म्हणालीस, “येते हं.” हसलीस. दारातून बाहेर गेलीस. मी अजून तिथेच उभी आहे, इशू.

आता मी तुला आमच्या घराच्या दाराबद्दल सांगते. माझ्या बाबांचा, तुझ्या पणजोबांचा, हॉलमध्ये फोटो आहे. त्यांनी बेचाळीस साली तारा तोडल्या आणि तीन वर्षं तुरुंग भोगला, एवढं तुला माहीत आहे. ते खरं आहे. आमचं गाव चांद्याकडचं, जंगलाच्या कडेचं. लढ्याची हाक आली, लोकांनी चौकी जाळली, आणि मग सरकारने गोरे सोजीर पाठवले. सोजीर म्हणजे त्यांचे सैनिक. मी सहा वर्षांची होते. मायने आम्हा पोरांना शिकवून ठेवलं होतं: कुणी आलं की जमिनीकडे बघायचं. बाबा जिथे असतील तिकडे डोळा गेला, तर तोंड मिटून काही उपयोग नाही.

पाऊस लागला होता. बाकीचे सोजीर पुढच्या आळीत गेले आणि एकटा आमच्या घरात शिरला. वाकून, कारण आमची दारं ठेंगणी. कणगीत हात घातला, ज्वारी सांडली, संगिनीने गोधड्या उलट्यापालट्या केल्या. माय पदर तोंडात धरून भिंतीला लागली होती. मग त्याने खुणेने पाणी मागितलं. मायने लोटा दिला. तो लोटा ओठाला न लावता वरून धार धरून प्यायला. आपल्यासारखा. अर्धं पाणी गळ्यावरून सदऱ्यात गेलं आणि तो स्वतःशीच हसला. त्याला धड मिसरूड फुटलं नव्हतं. तसं प्यायला त्याला कुणीतरी शिकवलं असणार. कुठल्यातरी छावणीतल्या भिश्त्याने, नाहीतर दुसऱ्या गावातल्या एखाद्या बाईने. तो शिकला होता, इशू. मग तो माझ्यापुढे उकिडवा बसला आणि कागदात गुंडाळलेली गोड गोळी पुढे केली. मी जमिनीकडे बघत राहिले. त्याने ती माझ्या पायाशी ठेवली, उठला, आणि गोठ्याच्या दाराकडे गेला. तिथेही वाकावंच लागायचं. आत दाराआड बाबा कुऱ्हाड घेऊन उभे होते. मला ते माहीत होतं.

पावसात आवाज कुणाला गेला नाही. मागच्या नाल्याला पूर होता, त्याला त्यात सोडलं. संध्याकाळी काकूने माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. म्हणाली, “गुणाची पोर, डोळा हलवला नाही.” मी तो खाल्ला. गोड लागला. मग दुसऱ्या दिवशी सोजीर त्याला शोधत आले आणि गावातले सगळे पुरुष चावडीपुढे पावसात बसवले. कुणी नाव सांगितलं नाही. माझ्या धाकट्या काकाला त्यानंतर ऐकू यायचं बंद झालं, आणि शेजारच्या राधाचा बाप तुरुंगातून आलाच नाही. बाबा तारांच्या खटल्यात आत गेले, सुटून आले, हार पडले, पेढे वाटले. त्यानंतर ते मरेपर्यंत दाराकडे तोंड करूनच बसले आणि दाराकडे तोंड करूनच झोपले. आम्हा पोरांपैकी कुणी मागून आलं तर दचकायचे, आणि मग ओशाळे होऊन आम्हाला काहीतरी खायला द्यायचे. तुझ्या निळ्या खडूच्या रिकाम्या जागेत हे सगळं लिहायचं राहिलं होतं.

बाबांनी चूक केली असं मी म्हणत नाही. आजही म्हणवत नाही. दुसऱ्याच्या घरात बंदूक घेऊन शिरलेला माणूस होता तो. पण आता रोज दुपारी, घरात कुणी नसताना, मला तो लोटा दिसतो आणि त्या सोजिराच्या जागी तू दिसतेस. तू पाणी मागशील. तू हसशील. तू पोरांना गोळ्या देशील, तुझ्या खिशात असतातच. आणि मी देवापुढे बसते तर मला मागताच येत नाही. काय मागू? त्या घरातल्या बापाचा हात लुळा पडू दे म्हणू? मी तर तो गूळ खाल्लाय. त्या पोराची आजी इंग्लंडात कुठेतरी असेलच ना. ती ज्या देवाजवळ मागत होती त्याने तिचं ऐकलं नाही, आमचं ऐकलं. मग माझं आता कोण ऐकणार?

म्हणून हे लिहिलं. मागणं जमत नाही, पण मला एक गोष्ट माहीत आहे, जी तुमच्या कॅम्पात कुणी शिकवणार नाही. चौसष्ट वर्षं मी ती कुणाला सांगितली नाही, आजोबांनाही नाही. घरात शिरलीस की आधी लहान मूल बघ. लहान मुलं परक्याकडे बघतात, बुटांकडे, बंदुकीकडे, तोंडाकडे. रडतील, नाहीतर हसतील. पण एखादी पोर जमिनीकडे बघत असेल आणि तू काहीही पुढे केलंस तरी मान वर करत नसेल, तर तिला शिकवलेलं आहे. मग पुढचं दार उघडू नकोस. ‘इथे काही नाही’ म्हण आणि सगळ्यांना घेऊन बाहेर पड. का ते कुणाला सांगू नकोस, तुझ्या साहेबाला नाही, मैत्रिणीला नाही. सांगितलंस तर तिचा बाप जाईल, आणि मी तिला विकल्यासारखं होईल. ती पोर मीच आहे, इशू. आमच्या दारातून तो पोरगा नुसता मागे फिरला असता तर त्याच्या आजीलाही नातू मिळाला असता आणि मलाही सरळ झोपणारा बाप मिळाला असता. तू मागे फिर. मी रोज विरजण लावते आहे. आदल्या दिवशीचं आम्ही खाऊन टाकतो आणि रोज नवं लावते, तू कधी दारात उभी राहशील ते ठाऊक नाही म्हणून. या वेळी येणाऱ्याच्या हातावर ठेवीन. असं कुणी करत नाही, पण मी करणार आहे.

दारात थांबलेली, तुझीच,
आजी