टाकीमागचं खुराडं

विश्रामबाग, सांगली
१४ ऑक्टोबर १९७४

प्रिय राही,

माझं अक्षर बघून दचकू नकोस. जोतीराम पठाणकोटला पलटणीत खुशाल आहे, दिवाळीला लेकाला महिन्याची रजा मिळते आहे. नागपंचमीला आठ दिवस म्हणून तू माहेरी कोरेगावला गेलीस, आता दसरा तोंडावर आला. शेजारी विचारतात तेव्हा मी ‘येईल’ म्हणते. येशील की नाही, मलाही ठाऊक नाही.

आधी संडासाचं सांगते, कारण ते सोपं आहे. गेल्या आठवड्यात तो तुंबला. बिराप्पा गवंड्याला बोलावलं. त्याने टाकीचं झाकण उघडून बघितलं आणि म्हणाला, “बाई, टाकी ठीक हाय. म्होरं कुठंतरी नळ फुटलाय.” टाकीतून शोषखड्ड्याकडे जाणारा नळ कुठून जातो, असं त्याने विचारलं. मी ठामपणे चिंचेकडे बोट दाखवलं. तिथे तीन फूट खणूनही काही सापडलं नाही. मग तो तुझ्या कोंबड्यांच्या जाळीत शिरला. पहार घातली तर काळं पाणी वर आलं. नळाचा सांधा आधीपासूनच गळत होता, त्यात कुंपणाचा कोपऱ्यातला बाभळीचा डांब थेट नळात उतरला होता. “हितं डांब ठोकायला कुणी सांगितलं?” त्याने विचारलं. मी म्हणाले, “मी.”

वैशाखात तू टोपलीत सात कोंबड्या घेऊन एसटीतून उतरलीस. तुझं मन रमावं म्हणून तुझ्या आईने त्या दिल्या होत्या. तुला खुराडं पूर्वेच्या भिंतीशी, पेरूखाली हवं होतं. जागा उंच, सकाळचं ऊन येणारी. मी नको म्हणाले. भिंतीपलीकडे आक्काताईंचं स्वयंपाकघर. जैनांचं घर, पुढे चातुर्मास, त्यांच्या नाकासमोर कोंबड्या ठेवायच्या कोणत्या तोंडाने? म्हणून मी खुराडं संडासामागे पाठवलं, जिथे कुणाची नजर जात नाही. तू पायाने माती दाबून म्हणालीस, “आत्याबाई, सगळीकडं फुफाटा, मग हितंच हिरवं कसं?” टाकी माझ्या देखरेखीखाली बांधली आहे, मला शिकवू नकोस, असं मी उत्तर दिलं. कॉलेजात शिकलेल्या बाईला ओली माती ओळखता आली नाही. तुला आली.

कोंबड्यांना मात्र ती जागा फार आवडली. दिवसभर उकरायच्या, किडे वेचायच्या, डबक्यातलं पाणी प्यायच्या. ते पाणी कसलं होतं, हे आता कळलं. आषाढात त्या माना टाकू लागल्या आणि दहा दिवसांत सहा गेल्या. तू मांडीवर घेऊन एकेकीच्या चोचीत हळदीचं पाणी सोडत बसायचीस. त्याच दिवसांत मागच्या दाराशी उभी राहून मी तुला एक वाक्य बोलले.

नळ सापडला त्याच दिवशी मी आक्काताईंकडे गेले आणि पेरूखालच्या जागेचं विचारलं. त्या हसल्याच. “आवं बाई, आमी खात न्हाई म्हणून कोंबड्यांनी जगू नये व्हय? बांधा की! कापाकापी तेवढी आमच्या म्होरं नको. नऊ वर्सं शेजारी ऱ्हाता, इचारायचं तरी हुतं!” बिराप्पाने नळ बदलला, जुन्या जागेवर चुना टाकला. खुराडं आता पेरूखाली आहे. वाचलेली कबरी कोंबडी तिथे एकटीच फिरते. मी दाणे धरले तर हाताला चोच मारते.

आता त्या वाक्याचं. “कोंबड्यासुद्धा टिकल्या नाहीत तुझ्या हातून.” चैत्रात, सातव्या महिन्यात, तुझं बाळ पोटातच गेलं, त्याला तेव्हा चार महिनेही झाले नव्हते. मला काय म्हणायचं आहे ते तुला कळलं आणि बोलताना मलाही कळत होतं. रागाच्या भरात तोंडून गेलं, अशी सबब मी सांगणार नाही. कोंबड्या माझ्या हट्टाने मेल्या. बाळाच्या बाबतीत तर डॉक्टरीणबाईंनी मला त्याच दिवशी सांगितलं होतं की सुनेचा यात काहीही दोष नाही. मी ते तुला सांगितलं नाही. मला कुणाला तरी दोष द्यायचा होता आणि तू समोर होतीस. माझं चुकलं, राही. जोतीरामलाही हे सगळं लिहून कळवलं आहे, तुला त्याच्यापुढे काही झाकावं लागू नये म्हणून. तू ये, असा हुकूम मी करत नाही. गुरुवारी सकाळच्या एसटीने मीच कोरेगावला येते आहे. जे इथे लिहिलं तेच तुझ्या आईसमोर बोलेन. परतीचं तिकीट एक काढायचं की दोन, ते तू सांग.

तुझीच,
आत्याबाई