चाळीस दिवस, रविवार सोडून

५ मार्च २००३, बुधवार. भस्म बुधवार. सकाळी ९.१०

आजपासून चाळीस दिवस. यंदा चालढकल नाही. वाळूजची नोकरी सुटून वर्ष होत आलं, आता नाइट शिफ्टचं कारण सांगता येत नाही. मटण-चिकन बंद. चहा बंद. दिवसातून एकच पूर्ण जेवण. रागावणं बंद, विशेषतः सौ. वर.

छावणीच्या चर्चमध्ये मिस्सा झाली. फादरांनी कपाळाला राख लावली, तू माती आहेस म्हणाले. नंतर बाजूला घेऊन म्हणाले, मुकुंदराव, ११ एप्रिलला क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेनंतर पंधरा मिनिटं बोला, विषय 'उपवास कशासाठी'. म्हणजे चर्चमधल्या एवढ्या माणसांतून मीच. आता अनुभव पाहिजे. नुसतं वाचून बोलणारे पुष्कळ आहेत.

घरी आल्यावर सौ. ला नियम समजावले. उपवास वेगळा, मांस वर्ज्य करणं वेगळं. उपवास खरा तर दोनच दिवस बंधनकारक, आज आणि शुभ शुक्रवारी. एक जेवण पोटभर, दोन वेळा थोडंसं. मांस मात्र या चाळीस दिवसांतल्या सगळ्या शुक्रवारी वर्ज्य. मी त्याच्या पुढं जाणार आहे. तिनं ऐकून घेतलं आणि चतकोर भाकरी चहात कुस्करून खाल्ली. हल्ली तसंच खाते.

संध्याकाळी ७.००

राख अजून शाबूत आहे. बँकेत गेलो, भाजी आणली, मुद्दाम पुसली नाही. कॅशियरनं विचारलं, कुठल्या बाबांची उदी. त्याला दहा मिनिटं समजावलं. मागची माणसं उगाच कटकट करत होती. शुभवर्तमानात उपवास करताना तोंड धुवा, डोक्याला तेल लावा असं लिहिलंय खरं. पण ते ढोंगी लोकांसाठी आहे.

७ मार्च, शुक्रवार

चहा नाही, तिसरा दिवस. डोकं ठणकतंय. दुपारी कॉफी घेतली. कॉफीचा उल्लेख संकल्पात नाही.

८ मार्च, शनिवार

जुनं धर्मशिक्षणाचं पुस्तक काढलं. महत्त्वाची गोष्ट सापडली. चाळीस दिवसांत रविवार धरत नाहीत, कारण रविवार हा पुनरुत्थानाचा दिवस. आणि शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारचीच धरतात. म्हणजे रविवार शनिवारी सहापासून लागतो. चिकन आणलं.

सौ. नं केलं छान, पण स्वतः दोन चमचे रस्सा घेऊन खोकत बसली. आज चालतं, असं तीनदा सांगितलं. म्हणाली, घास खाली उतरना वो. मी समजलो. अन्नावरून मन उडालं की असं होतं, संतांच्या चरित्रात वाचलंय. मात्र हे माझ्या आधी तिला व्हावं याचं नवल वाटलं.

१३ मार्च, गुरुवार

शेजारच्या वच्छलाबाईंनी साबुदाण्याची खिचडी आणून दिली. भाऊंचा उपास आहे म्हणून कळलं, म्हणाल्या. मन भरून आलं. धर्म वेगळा, पण कदर आहे. उपवासाचाच पदार्थ असल्यामुळे दोन प्लेट खाल्ल्या, वरून दही.

जाताना दारात थांबून म्हणाल्या, ताई लई वाळल्या वो, कुठं दाखवलं का. मी म्हणालो, आमचा उपवासाचा काळ आहे, असं होतं. त्या गेल्या. त्यांचा उपास एका दिवसाचा, संध्याकाळी सुटतो. चाळीस दिवसांची कल्पना त्यांना कशी येणार?

१७ मार्च, सोमवार

सौ. नं मिसरी लावणं सोडलंय. तीस वर्षांची सवय. विचारलं तर म्हणाली, घशात झोंबती. मला हे कारण पटत नाही. माझ्या चहा सोडण्यावर तिला कडी करायची आहे.

भाकरीपण बंद. आता नुसती पेज. ती सुद्धा प्रत्येक घोटाला थांबून, डोळे मिटून, जणू प्रार्थना चाललीय. मी समोर बसून वरण-भात-भाजी खातो तेव्हा चोरासारखं वाटतं. हे बरोबर नाही. उपवास माणसानं स्वतःचा स्वतः करावा, दुसऱ्याचं जेवण कडू करू नये. भाषणात हा मुद्दा घ्यायचा.

१९ मार्च, बुधवार

वाळूजच्या जुन्या दोस्तांनी हॉटेलात बोलावलं. बिर्याणी. संकटच. पण आज संत योसेफाचा सण, आणि तो कामगारांचा आश्रयदाता. सण असताना उपवास करणं हे त्या संताचा अपमान केल्यासारखं झालं असतं. शिवाय पीस बाजूला काढून आधी फक्त भात खाल्ला. पीस नंतर खाल्ले.

२३ मार्च, रविवार

वर्ल्ड कपची फायनल. रविवार असल्याने भजी, चकली, सगळं. आपण हरलो. रात्रीपर्यंत पोटात जळजळ. संकल्पाची कसोटी लागतेय.

२५ मार्च, मंगळवार

आज पवित्र मरियेला देवदूतानं निरोप दिला तो सण. मार्चमध्ये एवढे सण असतात हे नोकरीत असताना लक्षात आलं नव्हतं.

२७ मार्च, गुरुवार. दुपारी

दळण आणायला दोघं गिरणीत गेलो. डबा तिच्याच्यानं उचलत नव्हता म्हणून मला जावं लागलं. गिरणीवाल्याचा मोठा काटा रिकामा होता. सहज उभा राहिलो. ७९ किलो. फेब्रुवारीत ७६ होतो. उपवासात शरीर पाणी धरून ठेवतं, हे कुठंतरी वाचलेलं आठवतं.

मग सौ. ला उभं केलं. ती नको म्हणत होती. ४१.

दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या कॅम्पमध्ये तिचं वजन ५४ होतं, मीच फॉर्म भरला होता. गिरणीवाल्यानं काटा हातानं हलवून पुन्हा बघितला. तेवढंच. तो माझ्याकडे बघत राहिला. मला त्याचा राग आला.

घरी येताना सारखा विचार येत होता. तेरा किलो. आणि तोंडानं एक शब्द नाही. रोज सकाळी डोक्याला तेल लावून, वेणी घालून, चुलीपुढं हजर. अगदी शुभवर्तमानात सांगितलंय तसं. वाचता तर येत नाही तिला. मला हेवा वाटला, आणि दुसरंही काहीतरी वाटलं. हेवा तेवढा लिहून ठेवतो.

३० मार्च, रविवार

पुण्याहून प्रमोदिनीचा फोन. आईशी बोलून झाल्यावर मला म्हणाली, बाबा, आईचा आवाज असा घोगरा का येतोय. मी म्हणालो, क्रुसाच्या वाटेला भजनं म्हणते. खरं म्हणजे या वेळी ती म्हणत नाहीये, नुसती ओठ हलवते. मुलगी म्हणाली, तिला दवाखान्यात न्या, मला शब्द द्या. दिला. ईस्टर झाल्यावर नेणार, हे तिला सांगितलं नाही. उगाच काळजी करत बसली असती.

२ एप्रिल, बुधवार

वाढदिवस. एकोणसाठ पूर्ण. पुस्तकात पुन्हा बघितलं, उपवासाचं बंधन साठावं वर्ष लागेपर्यंतच असतं. आज मला साठावं लागलं! म्हणजे शुभ शुक्रवारी मी कायद्यानं मोकळा. अर्थात मी ती सवलत घेणार नाही. फक्त माहिती असावी.

सौ. नं शिरा केला. स्वतः चमच्याच्या टोकावर घेतला, गिळला, आणि उठून मागच्या अंगणात गेली. बराच वेळ आली नाही. नळाचा आवाज येत होता. आल्यावर म्हणाली, मला एकदा डॉक्टरकडं न्या ना. मी म्हणालो, भाषण नऊ दिवसांवर आलंय, ते होऊ दे. बरं, म्हणाली. लगेच बरं म्हणाली म्हणजे फारसं काही नसावं.

४ एप्रिल, शुक्रवार

पापनिवेदन केलं. बायकोच्या उपवासाचा मला मत्सर वाटतो, असं प्रामाणिकपणे सांगितलं. वाटलं, फादर माझ्या नम्रतेनं हेलावतील. त्यांनी विचारलं, त्या काय खातात. सांगितलं, पेज, दूध, कधी नुसतं पाणी. किती दिवस? महिना. मग फादर म्हणाले, मुकुंदराव, प्रायश्चित्त म्हणून उद्या सकाळी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन जा. आजारी माणसाला उपवासाचं बंधन नसतं. मी म्हणालो, ती आजारी आहे असं मी कुठं म्हटलं. ते म्हणाले, मी म्हणतोय.

फादर भले माणूस. पण संसार केलेला नाही. बायका किती चिवट असतात त्यांना काय माहीत.

उद्या शनिवार, दवाखान्यात गर्दी. सोमवारी बघू.

७ एप्रिल, सोमवार

भाषण पाठ करतोय. सौ. झोपून आहे. स्वयंपाक करून झोपली.

११ एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळी ८.३०

भाषण उत्तम झालं. बावीस मिनिटं. सुरुवात छान घेतली, उपवास हा पोटाचा नव्हे, मनाचा. आपल्या ताटातला घास दुसऱ्याच्या ताटात जावा हा त्याचा अर्थ. शेजारी कोण भुकेलं आहे ते दिसावं म्हणून आपण भुकेलं राहायचं. दोनतीन म्हाताऱ्यांनी मान डोलावली. मग अतिरेकावर आलो. म्हणालो, काही जण असे उपवास करतात की पाहणाऱ्याला वाटावं, यांना आजच स्वर्गात जायची घाई आहे. लांब कशाला, आमच्याच घरी बघा. आणि पहिल्या बाकाकडं हात केला.

लोक हसले. सौ. पण हसली, तोंडाला पदर लावून. पदर बराच वेळ काढला नाही. फादर हसले नाहीत.

लूनावरून येताना तिनं मागून माझा शर्ट धरला होता. वजन जाणवतच नव्हतं. दोनदा मागं वळून बघितलं, बसलीय ना.

१३ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

ख्रिस्तप्रसाद घेऊन ती जागेवर आली आणि घशाला हात लावून बसली. एवढीशी पातळ भाकर, जिभेवर विरघळते. तिला ती गिळता येईना. डोळ्यांतून पाणी. शेजारच्या बायकांना वाटलं, भक्तीनं रडते. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं.

मला भीती वाटली. उद्या नेतो.

१४ एप्रिल, सोमवार

आज जयंतीची सुट्टी. दवाखाने बंद असणार. जाऊन बघितलं नाही.

१६ एप्रिल, बुधवार

काल पाणी येण्याचा दिवस होता. आज पवित्र आठवड्याची चर्चमध्ये झाडलोट, माझ्याशिवाय त्यांचं हलत नाही. सौ. म्हणाली, राहू द्या, सण होऊन जाऊ द्या. तिनंच सांगितलं. नोंद करून ठेवतो.

१८ एप्रिल, शुभ शुक्रवार

बंधन नसल्यामुळे दोन वेळा जेवलो. तिनं दिवसभरात अर्धा पेला पाणी घेतलं, तेही चमच्यानं. तीन वाजता चर्चमध्ये सगळे गुडघ्यावर होते, ती बाकावर बसून होती. मला तिच्या मनगटाकडं बघवेना. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. कधीपासून सरकतात, आठवत नाही.

२० एप्रिल, ईस्टर. दुपारी १.३०

मी सकाळी मटण आणलं, किलोभर. तिनं वाटण केलं, भाकऱ्या थापल्या, भिंतीला टेकून टेकून. ताट वाढलं. मी म्हणालो, आता तूपण बस. झालं, संपले चाळीस दिवस. जिंकलीस तू. आता जेव.

तिनं एक तुकडा मोडला, रश्शात बुडवला, तोंडात घातला. किती वेळ चघळत होती. मग मुठीत काढून घेतला.

मला राग आला. मोठ्यानं म्हणालो, ईस्टरलाही उपास?

ती म्हणाली, म्या उपास कवा धरला वो. एकबी धरला नाय. मला जातच नाय. तुमाला सांगितलं व्हतं की.

ताट तसंच आहे. वर माशा बसताहेत. रिक्षा बघायला जातो.

२४ एप्रिल, गुरुवार. घाटी हॉस्पिटल

काल नळी घालून दुर्बिणीनं बघितलं. अन्ननलिकेत गाठ. डॉक्टर तरुण आहे, प्रमोदिनीपेक्षा लहान. त्यानं विचारलं, कधीपासून गिळता येत नाही. मी म्हणालो, भस्म बुधवारपासून. त्याला ते कळलं नाही. तारीख सांगितली. कॉटवरून साळूनं मान हलवली, नाताळाच्या आधीपासून, म्हणाली. डॉक्टरनं लिहून घेतलं आणि माझ्याकडं न बघता म्हणाला, फार उशीर केलात.

ऑपरेशन होईल की नाही सांगता येत नाही. आता नाकातून नळी टाकून दूध देणार, त्याच्या आधी पुन्हा तपासणी. सकाळपासून तोंडानं पाणीसुद्धा नाही. सिस्टरनं कॉटला पाटी लावली आहे, 'तोंडाने काही देऊ नये'. प्रमोदिनी रात्रीच्या गाडीनं निघतेय. तिनं मला फक्त वॉर्ड नंबर विचारला.

भाषणाचे कागद शर्टाच्या खिशात निघाले. टाकून दिले.

दुपारी दोन वाजता साळूनं खुणेनं विचारलं, जेवलात का. मी हो म्हटलं. जेवलो होतो खरंच. कँटीनची राइस प्लेट, वर दोन चपात्या जास्तीच्या.

तिला बरं वाटलं.