गुळगुळीत चेहरे

४ ऑगस्ट

सामान एकदाचं लागलं. स्टुडिओच्या वरच्याच दोन खोल्या मालकांनी राहायला दिल्यात, म्हणजे कामावर जायचं तर चौदा पायऱ्या उतरायच्या. आई म्हणाली, आता उशीर झाला तर सबब कोणती सांगशील? तिनं तीस वर्षं टेलिफोन एक्सचेंजमध्ये काढली. अजून शे-दीडशे लोकांचे नंबर तिला तोंडपाठ आहेत. त्यातले निम्मे लोक हयात नाहीत, पण नंबर आहेत.

मालक साठीचे, कमी बोलणारे. हनुवटीवर आडवा व्रण. धाकट्या भावानं सायकलवर डबलसीट बसवून उतारावरून सोडलं होतं, म्हणे. तो भाऊ समोरच घड्याळं दुरुस्त करतो. दुपारी चारला चहाला येतो आणि रोज कशावरून तरी मालकांशी वाद घालून जातो. वाद झाला नाही तर मालकांना चुकल्यासारखं होतं.

माझं काम फोटो साफ करायचं. कॉम्प्युटर जुना, पण चालतो. खिडकीतून सकाळचं ऊन थेट टेबलावर येतं. मला इथं आवडणार, असं वाटतंय.

९ ऑगस्ट

आज एक मजा सापडली.

उजेड कमी असताना फोटो काढला की त्यावर बारीक वाळू सांडल्यासारखे दाणे दिसतात. आमच्या धंद्यात त्याला नॉइज म्हणतात. तो घालवायला सॉफ्टवेअर असतं, त्यात शून्य ते शंभर अशी सरकती पट्टी. शहाणा माणूस वीस-तीसवर थांबतो. पुढे गेलं की दाण्यांबरोबर कातडीही पुसली जाते.

कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंचा फोटो मशीनपाशी बसून काढलेला, अंधूक, दाणेदार. मी पट्टी सहज शंभरपर्यंत नेली. आणि फोटोचं चित्र झालं. केस ब्रशच्या फटकाऱ्यांसारखे, मागचे कापडाचे गठ्ठे जलरंगासारखे एकमेकांत मिसळलेले, चेहरा मेणासारखा मऊ. बोटांच्या टोकांवर सुया टोचून पडलेले काळे ठिपके होते, तेही गेले. डोळे मात्र मी राखून ठेवले, त्यांच्यावरून पट्टी फिरू दिली नाही. त्यामुळे सगळ्या धुक्यात ते दोनच ठळक दिसतात.

शिंपीणबाई फोटोकडे किती तरी वेळ बघत राहिल्या. म्हणाल्या, मला कुणी असं कधी बघितलंच नव्हतं.

१३ ऑगस्ट

मालकांचाही तसाच फोटो केला. त्यांना तो काचेत लावण्याइतका आवडला. या सॉफ्टवेअरमध्ये आणखी एक सोय आहे: काय काय काढून टाकलं, ते वेगळं बघता येतं. करड्या पडद्यावर मालकांचे नुसते दाणे, सुरकुत्या आणि तो हनुवटीचा व्रण. इतकं सुंदर दिसलं की ती फाईल गंमत म्हणून जपून ठेवली.

१७ ऑगस्ट

आई मागेच लागली. म्हणाली, सगळ्या गावाला इस्त्री करतेस, माझ्या तोंडालाही कर की.

तिला खिडकीत बसवलं. सत्तरीची रेष न् रेष चेहऱ्यावर. पट्टी शंभरावर नेताना हात क्षणभर थांबला, का ते कळलं नाही. फोटो मात्र आजवरचा सगळ्यात चांगला. आईनं तो उशाशी ठेवला.

२१ ऑगस्ट

ब्लाउज टाकायला शिंपीणबाईंकडे गेले. त्यांचा चेहरा उजळल्यासारखा वाटला, एकही डाग नाही. कुठलं क्रीम, असं विचारणार होते. पण त्या मशीनसमोर नुसत्या बसल्या होत्या. एका हातात सुई, दुसऱ्यात दोरा. म्हणाल्या, हे एकमेकांत कसं घालतात गं? मी हसले. त्या हसल्या नाहीत.

त्यांची बोटं पाहिली. मेणबत्तीसारखी. एक ठिपका नाही.

२३ ऑगस्ट

चार वाजता मालकांचा भाऊ आला. मालक उठून उभे राहिले आणि अदबीनं म्हणाले, या, फोटो काढायचाय का?

भावाला वाटलं थट्टा चाललीय. तोही म्हणाला, हो, तुझ्या अकलेचा काढ. मालक गोंधळून माझ्याकडे बघायला लागले. हळूच मला विचारलं, हे गृहस्थ कोण?

हनुवटीवर व्रण नव्हता. पुसट झालेला नव्हे. नव्हताच.

भाऊ बाहेर पायरीवर बसून राहिला. मी पाणी दिलं. तो म्हणाला, तुझ्याआधी इथं जी मुलगी होती, तिनं स्वतःचा असाच फोटो करून काचेत लावला होता. मग एके दिवशी दारात उभी राहून विचारत होती, हे दुकान कसलं आहे? आता रोज समोरून जाते, पण वळून बघत नाही.

मी वर धावत गेले. आई स्वयंपाकघरात होती. मला बघून हसली. छान, मोकळं हसली. मावशीचा नंबर सांग म्हटलं. ती म्हणाली, कुठली मावशी?

२४ ऑगस्ट

आईच्या कपाळावर आता रेष नाही. गालावर नाही. मानेवर नाही. सकाळी तिनं मला अहो म्हटलं. अहो, तुम्ही चहा घेणार का.

मूळ फोटो उघडला. तोही गुळगुळीत झालाय. लहानपणापासूनचे आमचे सगळे फोटो काढले पेटीतून. सगळ्यांत तिचा चेहरा तसाच, मेणाचा, आणि डोळे माझ्यावर.

२५ ऑगस्ट

मालकांच्या दाण्यांची फाईल होती. त्यांच्या फोटोवर ती परत चढवली.

अर्ध्या तासात मालक हनुवटी चोळत बाहेर आले, रस्ता ओलांडून भावाच्या दुकानात गेले आणि म्हणाले, काल चहाला का आला नाहीस? भाऊ रडायलाच लागला. मालकांना कळेना, याला झालंय काय.

फाईल पुन्हा उघडली तर करडा पडदा कोरा होता. एकदा दिलं की दिलं.

आईचे दाणे मी जपून ठेवले नव्हते. शिंपीणबाईंचेही नाहीत.

२६ ऑगस्ट

सॉफ्टवेअरमधून नकली दाणेही टाकता येतात. दुपारी आईच्या फोटोवर टाकले.

वरून तिचा आवाज आला. ती खिडकीत उभी होती. चेहऱ्यावर रेषा होत्या, पण उलटसुलट, जागच्या जागी नसलेल्या. ती नंबर म्हणत होती. भरभर, न थांबता. दहा आकडी, वीस आकडी, संपतच नव्हते. मध्येच हॅलो म्हणायची, कान देऊन ऐकायची, आणि घाबरून पुन्हा पुढचा नंबर.

खाली येऊन ते दाणे पुसले, तेव्हा ती गप्प झाली.

पुन्हा अहो म्हणाली.

२७ ऑगस्ट

दुसऱ्या कुणाचे दाणे आईला द्यायचे, म्हणजे त्या माणसाला पुसायचं. कुणाला?

माझ्या भुवईत टाक्यांची खूण आहे. पाच वर्षांची असताना झोपाळ्यावरून पडले होते. आईनं मला कडेवर घेऊन दवाखान्यापर्यंत पळत नेलं होतं. अनवाणी. त्या खुणेत ती आहे. माझ्या सगळ्याच खुणांत ती आहे.

दुपारी टायमर लावून स्वतःचा फोटो काढला.

चाळीसपर्यंतच नेणार. चाळीसला कुणी मरत नाही. जे निघेल ते जपायचं आणि तिच्या फोटोवर चढवायचं.

२७ ऑगस्ट, संध्याकाळ

तिनं मला नावानं हाक मारली.

जिन्यावरच बसले. ती वरून म्हणत होती, पायरीवर काय बसलीस, पाय गारठतील.

पण बाबांना ओळखत नाही. भिंतीवरच्या फोटोकडे बोट दाखवून विचारते, हे कोण.

मला आठवतात बाबा. खाकी शर्ट. — मिशा होत्या का?

२८ ऑगस्ट

साठ.

तिला बाबा आठवले. मावशीचा नंबर आठवला. दिवसभर बोलतेय. माझ्या झोपाळ्याची गोष्ट सांगितली, मी अनवाणी पळाले होते, म्हणाली.

छान गोष्ट आहे. मी पहिल्यांदाच ऐकली.

भुवईवर बोट फिरवलं. सपाट.

२९ ऑगस्ट

तिला शंका आलीय. माझा चेहरा दोन्ही हातांत धरून खिडकीपाशी नेलं, उजेडात बघत राहिली. काय केलंस, म्हणाली. परत घाल आत्ताच्या आत्ता. मी म्हटलं, परत घातलं तर तू जाशील. ती म्हणाली, जाऊ दे मला, माझं वय झालंय.

तिच्या ओठाजवळची एक रेष अजून आली नाहीये. हसताना पडायची ती. तेवढीच राहिलीय. तेवढ्यासाठी —

ऐंशी. मग शंभर. ती वर आहे तोवर.

३० ऑगस्ट

जिना चढले. चौदा की — मोजल्या, पण कशासाठी मोजत होते

खाली दुकान आहे. काचेत फोटो. आत दोन पुरुष कशावरून तरी भांडत होते. मला बघून दोघं गप्प झाले.

माझे हात खूप मऊ आहेत.

तारीख तिनं सांगितली, ३१ ऑगस्ट

इथं एक म्हातारी बाई आहे. चांगली आहे. हसताना तिच्या ओठाजवळ रेष पडते. मला घास भरवते आणि भरवताना तिचे डोळे भरून येतात. का, ते विचारलं नाही, ओळख नाही तेवढी.

तिनं ही वही हातात दिली. म्हणाली, हे तुझंच अक्षर आहे, वाच, आणि रोज लिही.

वाचलं सगळं. यात जिला आई म्हटलंय, ती कुठं आहे, ते या बाईंना विचारायला हवं.