हवेतली हद्द

१२ फेब्रुवारी

चि. ठमूस,
अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. माझे गुडघे कुरकुरत का होईना, चालतायत. फोनवर मला सुचत नाही, म्हणून लिहितोय.

एक गंमत. जन्मभर लोकांच्या जमिनी मोजल्या, हद्दीवरून भांडणारे सख्खे भाऊ पाहिले, आणि या वयात हद्द ओलांडल्याची नोटीस मलाच आली. तीही हवेतली.

तुझी आई आतल्या खोलीत पडून असते. तिथे मोबाइलला रेंज नव्हती. खालच्या इलेक्ट्रिशियनने गच्चीवर अँटेना लावला आणि आत एक डबा बसवला, बूस्टर म्हणतात त्याला. रेंज भरभरून आली. आईने फोन उशाशी ठेवून घेतला.

मग सरकारी वायरलेस खात्यातली बाई आली, हातातला अँटेना जिन्यापासूनच आमच्या दाराकडे रोखत. आमच्या डब्यामुळे शेजारच्या टॉवरवर लहरींचा गोंगाट होत होता, गल्लीतले कॉल तुटत होते. मोबाइल कंपनीने तक्रार केली होती. मी म्हटलं, हवा काय कुणाच्या बापाची आहे?

ती शांतपणे म्हणाली, "काका, हवा सगळ्यांची. पण लहरींचे पट्टे सरकारने लिलावात दिलेत. ज्याचा परवाना, त्याचाच पट्टा. तुम्ही दुसऱ्याच्या शेतात नांगर घातलाय."

मोजणीवाल्यासारखी नोटीस ओळ न् ओळ वाचली. सही केली. डबा जप्त झाला. दंडाचं सुनावणीत कळेल.

डबा गेला तेव्हा मला हायसं वाटलं, ठमू. आधी आई विचारायची, पोरीचा फोन का नाही? मी म्हणायचो, रेंज नाही. डबा आल्यावर तेही म्हणता येईना. रेंज पूर्ण, आणि फोन गप्प. ती त्याच्याकडे बघत पडून राहायची. मी भाजीच्या निमित्ताने बाहेर पडायचो.

घर सोडून निघताना तू आणि ती एकमेकींना जे बोललात, त्यात मी पडत नाही.

डबा गेला त्या संध्याकाळी मी सांगितलं, आता पुन्हा रेंज नाही. तिने उशाशी ठेवलेला फोन हातात घेतला. मग म्हणाली, "मला बाहेरच्या खोलीत हलवा. तिथे येते ना?"

काल इलेक्ट्रिशियनने आणि मी पलंग बाहेर आणला, खिडकीला लागून. डॉक्टरांनी आता औषधं बदलणं थांबवलंय, घरीच ठेवा म्हणाले. फोन तिच्या हाताशी आहे. वाजला तर तीच उचलेल.

या पत्राला उत्तर लिहू नकोस.

तुझे
बाबा