तुझ्या वाटणीची हवा

दादा,

पाण्यात उतरताना पाठीवरच्या टाकीतल्या हवेचे तीन भाग करायचे, हे तूच शिकवलंस. एक आत जायला, एक परतायला. तिसरा जोडीदाराचा, त्याला हात लावायचा नाही. पहिला भाग संपला की पुढे कितीही मोह पडो, मागे फिरायचं.

त्या दिवशी पाण्याखालच्या गुहेत मी वळायची खूण केली. तूही तीच खूण केलीस. बाहेर येऊन बघतो तर माझ्यामागे कोणीच नाही.

मी अजून तिथेच उतरतो, एकटा. वहिनीला कळलं तर तंगडं मोडेल माझं. काल वेळेवर वळलो. येताना जोडीदाराला श्वास घ्यायला ठेवलेली जादा नळी मागून कोणीतरी धरल्यासारखी ताणली गेली. मी वळून बघितलं नाही. वर आलो, तर तिसरा भाग जवळजवळ संपलेला. टाक्या भरणाऱ्या काकांनी सगळं तपासलं. गळती कुठेच नाही.

"काय रे, आज दोघं होतात की काय?" म्हणाले, आणि लगेच जीभ चावली.

हे पत्र टाकू तरी कुठे? उद्या मीच येतो. तू मागे असशील याची भीती नाही रे वाटत. तो तिसरा भाग जसाच्या तसा परत आला तर, याची वाटते.

तुझाच जोडीदार,
धाकटा